वाचलेलं पुस्तक डोक्यात राहावं म्हणून माझी दोनशे पानी वही

तीन वर्षांपूर्वी दिवाळीत मावसबहिणीने सहज विचारलं, ताई यंदा काय चांगलं वाचलंस गं, आणि मी जी अडकले ती अडकलेच. वर्षभर रोज डोंबिवली-दादर लोकलमध्ये वाचत होते, वीसेक पुस्तकं तरी झाली असतील, आणि तोंडातून बाहेर काय पडलं तर "ते निळ्या कव्हरचं, त्यात एक बाई असते बघ, ती घर सोडून जाते..." बहीण म्हणाली, कुठे जाते? मला आठवेना. बाई गेली ती गेलीच.

त्याच आठवड्यात वही घातली. ती कशी लिहायची, आणि तिच्या नादाने वाचायच्या काय काय सवयी लागल्या ते सांगते. ज्यांना वाचलेलं सगळं आठवतं त्यांनी हे वाचू नका, तुमचा हेवा वाटतो मला.

तर वही साधीच घ्या, शाळेची असते तसली दोनशे पानी, एकेरी रेघांची. मी आधी हौसेने हातकागदाची, दोरी गुंडाळायची महागडी डायरी आणली होती आणि तिच्यात अक्षर खराब येईल या भीतीने सहा महिने एक ओळ लिहिली नाही, शेवटी तिच्यात आता दूधवाल्याचा हिशोब आहे. फोनमध्येही लिहून पाहिलं, मग एका जुलैत फोन पर्समध्येच भिजला आणि नोंदींसकट गेला, बॅकअप वगैरे मी घेते होय! आणि पेन नको, पेन्सिल घ्या. पावसाळ्यात लोकलच्या दारातून पाणी उडतं, शाई फुटते, पेन्सिलीचं अक्षर तसंच राहतं.

एका पुस्तकाला एक पान, जास्त नाही. वर पुस्तकाचं नाव, कधी संपवलं आणि कुठून आलं ते, म्हणजे विकत, लायब्ररी की कोणाचं ढापलेलं. मग चारच गोष्टी. एक, पुस्तकातली डोळ्यासमोर राहिलेली एक जागा, पान नंबरसकट. दोन, कशाचा वैताग आला. तीन, वाचताना मी कुठे होते. चार, हे कोणाला द्यावंसं वाटतं. गोष्ट काय आहे ते लिहायचंच नाही, ते मागच्या कव्हरवर असतंच. आणि हे सगळं पुस्तक संपल्या रात्रीच, दुसऱ्या कोणाचं मत वाचायच्या आधी, कारण एकदा दुसऱ्याचं वाचलं की आपल्याला तेच वाटलं होतं असं वाटायला लागतं (माझं तरी होतं).

पान नंबरचा आग्रह का, तर माझ्याकडे कॉलेजातली 'बनगरवाडी'ची प्रत आहे. 1955 सालची कादंबरी, धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर, बहुतेकांनी वाचलेली असणार. गेल्या जूनमध्ये परत काढली तर समासात जागोजागी माझ्याच अक्षरात "व्वा!", "किती सुंदर!", आणि एका ठिकाणी नुसता बदाम. आता त्या व्वाचं मी काय करू? कशाला व्वा, काय सुंदर, काहीच कळायला मार्ग नाही. एकोणीस वर्षांची मी तिथे होते एवढंच कळतं. यावेळी वहीत लिहिलं ते असं: "वाडी मिळून तालीम बांधते तो भाग. तेव्हा हा मला आनंदाचा वाटला असणार, आज पोटात गोळा आला, कारण पुढे दुष्काळ येणार आणि वाडी रिकामी होणार हे माहीत आहे. वैताग: काही नाही. कुठे: चौथी सीट, अर्धी बाहेर. कोणाला: लेकीला, पण दहावीनंतर." हे मी साठीची झाल्यावर वाचलं तरी मला कळेल. नोंद अशी हवी.

वैतागाच्या रकान्याला बऱ्याच जणी बिचकतात. मोठ्या लेखकाबद्दल वाईट कसं लिहायचं म्हणे. अहो वही तुमची आहे, लेखक येतोय का तपासायला! मला तर वैताग लिहिल्यावरच कळतं की पुस्तक आवडलंय का. 'ऑर्बिटल'चं तसंच झालं. 2024चं बुकर मिळालेली सामंथा हार्वीची कादंबरी, जेमतेम 136 पानांची, म्हटलं दोन रात्रीत उडवू. सहा अंतराळवीर, पृथ्वीभोवती फिरतायत, सगळं एका दिवसात, आणि त्या एका दिवसात सोळा सूर्योदय सोळा सूर्यास्त. मी तीन रात्री त्याच सोळा पानांवर झोपले. चौथ्या रात्री वहीत लिहिलं, "काहीही घडत नाही, नुसते ढग." आणि सोडून दिलं. मग एका रविवारी पहाटे जाग आली, घरात सगळे झोपलेले, बाहेर पाऊस नुकताच थांबलेला, चहा घेऊन तेच पुस्तक उघडलं आणि काय सांगू, तेच ढग, तेच वादळ वरून दिसतंय आणि या सहा जणांना खालच्या माणसांसाठी काही करता येत नाही, एकीची आई खाली वारलीय आणि ती वर फिरतेय. साडेआठला सासूबाई उठून आल्या तेव्हा माझा दुसरा चहा गार झालेला. पुस्तक तेच होतं, माझी वेळ चुकली होती.

तेव्हापासून पुस्तकांना वेळा वाटून दिल्यात. ज्यात घटना पटापट होतात, खून, प्रवास, चरित्र, ते लोकलला, कारण तिथे दर दोन मिनिटाला कोणीतरी "कुठे उतरणार?" विचारतं आणि धागा सुटला तरी परत सापडतो. हळू चालणारं सगळं पहाटे. कविता दुपारी, एका वेळी दोन, त्यावर नाही. आणि रात्री फक्त आधी वाचलेलं, म्हणजे झोप लागली तरी नुकसान नाही.

बोलीभाषेतलं पुस्तक असेल तर त्याला वेगळी युक्ती आहे, मोठ्याने वाचा. कृष्णात खोतांचं 'रिंगाण' आणलं, 2023चा साहित्य अकादमी मिळालेलं, धरणाखाली गाव गेलेल्या माणसांचं आणि मागे राहिलेल्या म्हशीचं. मी ठाण्यात वाढलेली, मला ती भाषा मनातल्या मनात नीट ऐकूच येईना, पाच पानांना अर्धा तास. सासूबाई मूळच्या गारगोटीकडच्या. म्हटलं आई, जरा ऐकता का, आणि पहिल्याच वाक्याला त्यांनी मला थांबवलं, "असं न्हाई म्हणत गं, दे हिकडं." चष्मा लावून त्यांनीच वाचायला घेतलं आणि मी भाजी निवडत ऐकत बसले. तीन आठवडे चाललं, रोज सिरीयलच्या आधी. मधेच थांबून त्या त्यांच्या माहेरच्या म्हशीबद्दल सांगायच्या, ती म्हणे कुलूप लावलेल्या घरापुढे दोन दिवस उभी होती. मला मधला भाग जरा लांबल्यासारखा वाटला आणि मी तसं वहीत लिहिलंय, तर आईंनी त्याखाली स्वतःच्या हाताने लिहिलं, "लांबलेला नाही. म्हैस शोधायला वेळ लागतो." यावर काय बोलणार!

कथासंग्रह वाचायची माझी पद्धत पूर्वी चुकीचीच होती, कादंबरीसारखे सलग हाणायचे. बानू मुश्ताक यांचं 'हार्ट लॅम्प', ज्याला 2025चं इंटरनॅशनल बुकर मिळालं, कथासंग्रहाला ते पहिल्यांदाच मिळालं, त्याने ती सवय मोडली. मूळ कन्नड कथा, दीपा भास्ती यांचं इंग्रजी भाषांतर, बारा कथा. पहिल्या दिवशी तीन वाचल्या आणि तिन्हींतल्या बायका डोक्यात एकमेकींत मिसळल्या. मग नियम केला, दिवसाला एकच, आणि वाचून झाल्यावर कल्याणपर्यंत नुसतं खिडकीबाहेर बघायचं (हो, डोंबिवलीला उतरायचं राहिलं एकदा). शीर्षककथेतल्या बाईने रॉकेल ओतून घेतलेलं असतं आणि मुलगी तिला थांबवते, त्यानंतर मी दोन दिवस दुसरी कथा उघडलीच नाही. भाषांतराची मजा अशी की कन्नड-उर्दू शब्द तसेच ठेवलेत, खाली तळटीपा नाहीत, आणि आपल्याला त्यातले बरेच शब्द कळतात, सोलापूर-कोल्हापूरकडच्यांना तर आणखी. संग्रहाला वहीत एक पान देऊ नका, प्रत्येक कथेला एक ओळ द्या. बारा कथा, बारा ओळी.

पुस्तक सोडून द्यायचं कधी, हे मला सारखं विचारतात. माझा हिशोब लोकलचा आहे, चार फेऱ्या. जाताना-येताना दोन दिवस. तेवढ्यात मला स्टेशन आल्याचा राग आला नाही एकदाही, तर पुस्तक बंद. पण वहीत नोंद करायची, "पान 61ला सोडलं, का", कारण वर ढगांचं सांगितलंच, काही परत उघडावी लागतात.

आता बसायच्या जागेबद्दल. फोटोत दिसतं तसं खिडकीतलं गादीवालं कोनाडं आमच्या वन बीएचकेत नाही, तुमच्याकडेही नसणार. माझी जागा म्हणजे स्वयंपाकघर आणि हॉलच्या मधल्या दारात टाकलेली खुर्ची, कारण तिथे दोन्हीकडचा वारा येतो आणि कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. उजेड मागून, डाव्या खांद्यावरून यायला हवा, म्हणजे पानावर आपलीच सावली पडत नाही. पायावर आईच्या जुन्या साड्यांची गोधडी. फोन दुसऱ्या खोलीत, आणि सायलेंटवर नाही, आवाज चालू ठेवून, कारण सायलेंटवर असला की कोणाचा आला असेल म्हणून मी दर पाच मिनिटांनी उठून बघते. पाऊस-कांदाभजी-पुस्तक हे त्रिकूट मात्र विसरा. भजीचं तेल पानाला लागलं की जन्मभर जात नाही. फुटाणे घ्या, कोरडे.

पावसाचं निघालंच आहे तर पुस्तक भिजलं तर काय करायचं तेही. दोन वर्षांपूर्वी लायब्ररीचं पुस्तक बॅगेत चिंब झालं, मी घाईघाईत गॅसजवळ धरून सुकवलं, पानांचे पापड झाले आणि दुप्पट किंमत भरावी लागली. तर गरम काही लावू नका, इस्त्री नाही, ड्रायर नाही, कडक ऊनही नाही. पुसू नका, जबरदस्तीने पानं सोडवू नका. वरचं पाणी टिपून घ्या, पुस्तक उभं करा, पानं थोडी पंख्यासारखी उघडी, आणि पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. मधे मधे कोरे कागद किंवा टिश्यू घाला, ओले झाले की बदला. वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. जवळजवळ सुकलं की मग वर पाट आणि पाटावर डाळीचे डबे ठेवून दाबा. आणि लगेच सुकवायला वेळच नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून सरळ फ्रीजरमध्ये. हसू नका, बुरशी दोन दिवसांत धरते आणि गोठवलं की ती थांबते, मग सवडीने बाहेर काढून सुकवायचं. आमच्या ह्यांनी एकदा मटार शोधताना फ्रीजरमधून एक चरित्र बाहेर काढलं होतं, काही बोलले नाहीत, परत ठेवलं. फक्त गुळगुळीत चकचकीत पानांची पुस्तकं एकदा चिकटली की चिकटली, तिथे सगळ्यात आधी धावा. कपाटात पुस्तकं ठासून भरू नका, भिंतीला टेकवू नका, मागे चार बोटं जागा ठेवा, नाहीतर ओल आणि मागोमाग कसर.

वहीची शेवटची दोन पानं मात्र उसनवारीची. पुस्तक, कोणाला, तारीख. हे लिहायला लाजायचं नाही, समोरच्याच्या देखत लिहायचं, त्याचा फार उपयोग होतो. माझ्या यादीत सध्या सात नावं आहेत आणि सगळ्यात जुनी नोंद त्याच मावसबहिणीची, निळ्या कव्हरचं ते पुस्तक, नेलं तेव्हा मीच म्हटलं होतं, वाच आणि मला सांग ती बाई कुठे गेली. परवा तिचा फोन आला, म्हणाली ताई, अर्धं झालंय, अजून घरातच आहे.