पेशंट पडतो तो संडासाच्या वाटेवर: नव्या सिस्टर-ब्रदरसाठी

जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग करून वॉर्डात पहिली ड्युटी लागते तेव्हा धास्ती असते ती शिरा सापडण्याची, औषधांच्या डोसाची. पेशंट पडू न देणं हे वेगळं काम म्हणून कुणी हातात देत नाही, त्यामुळे ते राहून जातं.

पेशंट कॉटवरून आपोआप घरंगळतो असं क्वचित होतं. तो उठून कुठेतरी निघालेला असतो आणि फार वेळा ते ठिकाण म्हणजे संडास-बाथरूम. रात्री दोनला लघवी लागलेले बाबा हाक मारत नाहीत. मुलगा दिवसभर धावपळ करून कॉटखाली सतरंजीवर नुकताच आडवा झालेला असतो, आणि एवढ्याशा कामाला सिस्टरला कशाला उठवायचं, असं त्यांना वाटतं. म्हणून ‘काही लागलं तर सांगा’ या वाक्याचा उपयोग नाही. आपणच जाऊन म्हणायचं, ‘बाबा, चला, लघवीला जाऊन येऊ.’ रात्री झोपण्याआधी, पहाटे पाचच्या सुमारास, जेवणानंतर. धोका जास्त असेल तर दिवसा दर दोन तासांनी. चालणं जमत नसेल तर भांडं हाताच्या अंतरावर ठेवा, कॉटखाली ढकलू नका. लॅसिक्सची गोळी तासाभरात लघवी आणते आणि तिचा असर सुमारे सहा तास टिकतो. दुसरा डोस रात्री आठला लिहिलेला दिसला, तर दुपारी चारला देता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

पेशंट पडण्याचा धोका गुणांत मोजणारं मॉर्स स्केल भरायला दोन मिनिटं पुरतात, पण ते कॉटजवळ उभं राहून भरा. गेल्या तीन महिन्यांत पडल्याचे 25, दुसरा आजार असल्यास 15, शिरेत सुई असल्यास 20, काठी-वॉकरला 15, भिंत-कॉट धरत चालणाऱ्याला 30, अशक्त चालीला 10, अडखळत्या चालीला 20, आणि स्वतःची ताकद न ओळखणाऱ्याला 15. बेरीज 45 किंवा वर गेली की धोका जास्त समजतात. सलाइन बंद आहे म्हणून 20 गुण सोडून देणं ही नेहमीची चूक. लॉक केलेली, म्हणजे सलाइन काढून टोपण लावून ठेवलेली सुईही धरायची असते. दुसरी चूक म्हणजे भरतीच्या दिवशीचा आकडा पुढे ओढत नेणं. ऑपरेशननंतर, झोपेची गोळी सुरू झाल्यावर, वॉर्ड बदलल्यावर तो पुन्हा काढावाच लागतो.

कठड्यांबद्दल गैरसमज मोठा आहे. गोंधळलेल्या आजींच्या कॉटचे चारही कठडे वर केले की त्या सुरक्षित, असं वाटतं. त्या कठड्यावरून चढून उतरू पाहतात आणि जास्त उंचीवरून पडतात. अशांची कॉट शक्य तितकी खाली, चाकांचे ब्रेक लावलेले आणि जागा सिस्टरच्या टेबलासमोर हवी.

उठवताना घाई नको. आधी कुशीवर, मग पाय खाली सोडून एक-दोन मिनिटं बसवा, घोटे दहा वेळा वर-खाली करायला सांगा, मग उभं करा आणि क्षणभर थांबा. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचं बीपी 20 ने किंवा खालचं 10 ने उतरलं तर चालवू नका, बसवा आणि डॉक्टरांना कळवा. लकव्याच्या पेशंटला आधार दुबळ्या बाजूने द्या.

नाशिकच्या वॉर्डात सुरगाणा, पेठ, त्र्यंबककडची माणसं येतात. कमोडची सवय नसलेले काहीजण त्यावर पाय ठेवून बसतात आणि भांडं ओलं असलं की घसरतात. कसं बसायचं ते भरती झाल्याबरोबर, दिवसा उजेडी, न लाजवता दाखवा. आजींचं लुगडं घोट्याच्या वर खोचून घ्या. पावसाळ्यात नातेवाइकांच्या छत्र्यांचं पाणी दारापासून कॉटपर्यंत येतं. दारातच बादली ठेवली की बरंच थांबतं. सकाळी फरशी पुसण्याची आणि पेशंट संडासला जाण्याची वेळ एकच असते, तेव्हा मावशींना एका वेळी अर्धाच पॅसेज पुसायला सांगा.

तरीही कुणी पडलं, तर बखोट धरून उचलू नका. शुद्ध, श्वास, नाडी, डोक्याला मार, मानेचं दुखणं आधी पाहा. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर खुब्याचं हाड मोडलं असण्याची शक्यता मोठी. पाय हलवू नका. शुगर आणि बीपी घ्या, डॉक्टरांना लगेच बोलवा. वॉर्फरिन किंवा हेपरिन (रक्त पातळ ठेवणारी औषधं) चालू असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगा, कारण पेशंट बोलत-चालत असला तरी डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो.

फॉर्मवर नुसतं ‘पेशंट पडला’ लिहून काही कळत नाही. किती वाजता, कुठे, कशासाठी उठला होता, पायात काय होतं, शेवटची गोळी कोणती आणि कधी दिली, हे लिहा. आणि त्याला शेवटचं लघवीला कधी नेलं होतं, तेही.