गिळण्याची तपासणी शिकताय? या चुका टाळा

‘ठसका लागला म्हणजे घास श्वासनलिकेत गेला, नाही लागला म्हणजे सगळं ठीक.’ बीएएसएलपी (वाचा आणि श्रवण उपचारांची पदवी) संपवून इंटर्नशिपला आलेल्या बहुतेकांच्या डोक्यात हे समीकरण पक्कं बसलेलं असतं. पुढच्या निम्म्या चुका त्यातूनच निघतात.

ठसका हे शरीराचं संरक्षण आहे. स्ट्रोकनंतर घशाची संवेदनाच बोथट झाली, तर घोट खाली उतरतो आणि पेशंट शांतपणे तुमच्याकडे बघत राहतो. रोझेनबेक आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये आठ पायऱ्यांची मोजपट्टी मांडली. त्यातली सगळ्यांत वाईट, आठवी पायरी अशाच पेशंटची: अन्न स्वरतंतूंच्या खाली गेलं आणि ते बाहेर काढायला शरीराने काहीच धडपड केली नाही. उलट बाजूही लक्षात घ्या. जोरदार ठसका लागणारे आजोबा कदाचित आपली श्वासनलिका चांगली सांभाळत असतील.

म्हणून घशाला स्पॅट्युला लावून ‘गॅग (ओकारीची उबळ) आहे, म्हणजे गिळणं सुरक्षित’ असं फाइलमध्ये लिहू नका. ठणठणीत माणसांतही अनेकांना ती उबळ येत नाही, आणि ती येणाऱ्यांचा घास चुकीच्या वाटेने जाऊ शकतो. बोटाला लावलेल्या पल्स ऑक्सिमीटरच्या आकड्यावरही विसंबू नका. चार बोटं गळ्यावर ठेवली की स्वरयंत्र वर उचललं जातंय का, किती उशिरा, ते कळतं. घास नेमका कुठे गेला ते कळत नाही.

९० मिलिलिटर पाण्याच्या चाचणीचंही तसंच. न थांबता सगळं पाणी प्यायला, खोकला नाही, आवाज ओला झाला नाही, तर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो. पण नापास झाला म्हणून लगेच ‘तोंडाने काही नको’ लिहायचं नसतं, कारण उगाच नापास होणारे भरपूर असतात. तिथून पुढे नीट तपासणी सुरू होते. आणि पेंगणाऱ्या पेशंटवर ही चाचणी करूच नका.

पुढची तपासणी मागतानाही ‘व्हीएफएस किंवा फीस, जे मिळेल ते’ असं लिहिलेलं दिसतं. आधी प्रश्न ठरवा. फीसमध्ये नाकातून घातलेल्या दुर्बिणीतून घशात काय साचलंय, लाळ कशी हाताळली जातेय, हे छान दिसतं. मात्र गिळण्याच्या ऐन क्षणी पडदा पांढरा होतो. तो क्षण आणि अन्ननलिकेच्या तोंडाशी काय घडतंय ते बघायचं असेल तर व्हीएफएस, म्हणजे बेरियम गिळतानाचा एक्स-रे व्हिडिओ, हवा.

आता माझा सगळ्यांत मोठा आक्षेप: ‘पातळ बंद, घट्ट करून द्या.’ हे वाक्य पेनातून आपोआप उतरतं. पातळ पाणी भरकन घशात येतं आणि गिळणं उशिरा सुरू होतं, अशा पेशंटला घट्टपणाने मदत होते. पण घशाचे स्नायूच अशक्त असतील तर घट्ट पदार्थ मागे साचून राहतो आणि नंतर श्वासासोबत आत ओढला जातो. शिवाय घट्ट केलेलं पाणी कोणाला आवडतं? माणूस कमी पितो आणि मे महिन्याच्या पुण्यात लघवीला जळजळ सुरू होते.

द्यायचंच असेल तर ‘किती घट्ट’ हे मोजून सांगा. इड्सीची (पदार्थाचा घट्टपणा पातळ्यांत मोजणाऱ्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीची) पद्धत स्वस्त आहे: सुई काढलेली १० मिलिलिटरची सिरिंज, खाली बोट धरून भरायची, बोट सोडून १० सेकंद थांबायचं. १ ते ४ मिलिलिटर उरलं तर पहिली पातळी, ४ ते ८ उरलं तर दुसरी, ८ च्या वर उरलं तर तिसरी. थेंबही पडला नाही तर चौथी किंवा त्याच्या पुढची. तिथे काटा-चमच्याच्या चाचण्या करायच्या. सिरिंज कुठलीही चालत नाही. शून्यापासून दहाच्या रेघेपर्यंतची लांबी ६१.५ मिलिमीटर आहे का, ते पट्टी लावून बघा.

आणि हे घरच्या पदार्थांवर करा. गरम असताना दुसऱ्या पातळीत बसणारी नाचणीची आंबील गार होईपर्यंत पुढे सरकते. तांदळाची पेज मात्र भरवता भरवता पातळ होऊ शकते. उष्टा चमचा वाटीत परत परत बुडाला की लाळेतलं अमायलेज स्टार्च फोडतं आणि वाटीच्या तळाशी पाणी सुटतं. सून सांगते, ‘अहो मॅडम, पहिले चार चमचे बरे गेले, शेवटी ठसका लागला.’ तिथे पेशंट दमला का, हे बघाच. पण वाटीतही डोकावा. भरवायची वाटी आणि पेजेचं भांडं वेगळं ठेवायला सांगा. झँथन गमच्या पावडरीला लाळेने असा फरक पडत नाही.

दुहेरी पोताचे पदार्थ तर इतिहास घेताना हमखास सुटतात. चहात बुडवलेली खारी, मिसळीचा कट आणि फरसाण, बारामती-इंदापूरकडच्या आजींची दुधात कुस्करलेली भाकरी. घरच्यांच्या मते हे सगळं ‘मऊ’च. पण तोंड भिजलेला तुकडा चावत असतं आणि रस केव्हाच घशात पोचलेला असतो.

‘हनुवटी छातीकडे न्या’ हाही असाच सरसकट वाटला जाणारा प्रसाद. गिळणं उशिरा सुरू होणाऱ्या काहींना तो लागू पडतो. पण घशाच्या बाजूच्या खळग्यांत अन्न साचत असेल, तर मान खाली घातल्यावर तेच पुढे श्वासनलिकेत सांडू शकतं. एका बाजूला अशक्तपणा असेल तर मान त्या अशक्त बाजूला वळवून बघा, शक्यतो दुर्बिणीखाली.

व्यायामांचं थोडक्यात: जीभ दातांत धरून गिळण्याचा मासाको अन्न देऊन कधीच नाही. शेकरमध्ये मान उचलून धरायची असते. मानेचा स्पॉन्डिलायटिस किंवा ट्रॅकिओस्टोमी असलेल्यांना तो देऊ नका. श्वास दाबून गिळायला सांगताना हृदयाचा आजार विचारून घ्या.

‘जेवता येतं का?’ या प्रश्नाला आपल्याकडचे काका ‘हो’ असंच म्हणणार. जेवायला किती वेळ लागतो, काय खायचं सोडलंत, शर्ट ढगळ झालाय का, असं विचारा. कवळी डब्यात ठेवून चावण्याची तपासणी करू नका. पार्किन्सन्सच्या पेशंटची गोळी कधी झाली ते बघा. गोळीचा असर असताना आणि उतरल्यावर गिळणं वेगळं असतं. दोन चमचे भरवून ‘ओके’ लिहिण्यापेक्षा एकदा दुपारचं अख्खं जेवण शेजारी बसून बघा.

तोंडाची स्वच्छता आपलं काम नाही, असं समजून मावशींवर सोपवली जाते. लँगमोर यांच्या १९९८ च्या अभ्यासात न्यूमोनियाशी जोडलेल्या गोष्टींत जेवण आणि तोंडाच्या स्वच्छतेसाठी दुसऱ्यावर अवलंबून असणं आणि किडलेले दात होते. रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) असली तरी लाळ गिळली जातेच, ब्रश लागतोच.

शेवटी डिस्चार्ज कार्ड. ‘सॉफ्ट डाएट’ लिहिलंत तर घरी गेल्यावर साबुदाण्याची खिचडी समोर येईल, आणि चिकट साबुदाणा घशात बसेल. मराठीत, स्वयंपाकघराच्या भाषेत लिहा: वरणभात मिक्सरमधून एकजीव, चमचा तिरका केल्यावर गोळा सहज घसरला पाहिजे, पाठ सरळ, जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही, टीव्ही बंद. गोळ्या कुटून चालतील का ते डॉक्टरांना विचारून त्याच कागदावर लिहा, आणि जो भरवणार आहे त्याच्याकडून तुमच्यासमोर पाच चमचे भरवून घ्या.