गेमला गुण देताना या चुका टाळा

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ या भागांतली मुले आता व्हिडिओ गेमची परीक्षणे मराठीत लिहू लागली आहेत आणि त्यांचे मसुदे तपासण्याचे काम माझ्याकडे असते. भाषा बहुतेकांची चांगली असते. बिघडतो तो शेवटी दिलेला आकडा, आणि तोही त्याच त्या कारणांनी.

सर्वांत चिवट सवय म्हणजे दहापैकी 7 च्या खाली न उतरणे. दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात पहिला येतो. ज्या घरात ऐंशी टक्के मिळाले तरी चेहरे उतरतात, तिथे वाढलेल्या मुलाला 5 गुण म्हणजे गेमचा अपमान वाटतो. हा रोग केवळ आपला नाही. समीक्षकांच्या गुणांची सरासरी दाखवणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर चित्रपटाला शंभरपैकी 61 गुणांपासून ‘चांगला’ असा हिरवा रंग मिळतो, गेमला मात्र 75 लागतात, कारण गेमचे गुण मुळातच फुगलेले असतात. सगळे गेम 7 ते 9 मध्ये कोंबले की बरा आणि उत्तम यांतला फरक दाखवायला जागा उरत नाही, आणि मग 8.4 व 8.6 असे दशांश सुरू होतात, ज्यांतला फरक लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. म्हणून मी प्रत्येकाला आधी स्वतः खेळलेल्या गेमपैकी 3 चा, 5 चा आणि 9 चा असे तीन गेम ठरवायला लावते. नवा गेम त्या तिघांशी ताडून पाहावा.

दुसरी चूक मला अधिक खुपते: दोष नेटवर्कचा आणि गुण कापले गेमचे. गुहागरकडच्या एका मुलाने फुटबॉलच्या गेमला 4 गुण दिले होते, कारण बटण दाबल्यावर खेळाडू उशिरा हलत असे. सामने सगळे ऑनलाइन, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, भर जुलैच्या पावसात खेळलेले. मी त्याला इंटरनेट बंद करून संगणकाविरुद्ध खेळायला सांगितले, तर खेळाडू बटणासरशी पळू लागला. ‘मी जे अनुभवले तेच लिहिले,’ असे तो म्हणत राहिला आणि त्यात तथ्यही होते; पण तो अनुभव कोणत्या परिस्थितीतला, हे त्याने वाचकाला सांगितलेच नव्हते. शेवटी चिपळूणला मावशीकडच्या फायबर जोडणीवर तो पुन्हा खेळला आणि परीक्षण नव्याने लिहिले. गेमला 7 गुण दिले आणि वाडीतल्या मोबाइल डेटावर ऑनलाइन सामने खेळू नयेत, असा स्पष्ट इशारा वेगळ्या परिच्छेदात दिला. आपल्याकडच्या वाचकाला तो इशारा आकड्याहून अधिक उपयोगी आहे.

दोष कंपनीच्या सर्व्हरचा असेल, तर मात्र गुण कापलेच पाहिजेत. 2013 साली ‘सिमसिटी’ला सतत ऑनलाइन राहण्याची सक्ती होती आणि गेम बाजारात येताच सर्व्हर कोलमडले, तेव्हा ‘पॉलिगॉन’ या गेमविषयक संकेतस्थळाने आधी दिलेले 9.5 गुण 8 वर आणि नंतर 4 वर आणले. उपकरणाचेही तसेच आहे. डिसेंबर 2020 मध्ये ‘सायबरपंक 2077’ची आधी आलेली परीक्षणे पीसीवर खेळून लिहिलेली होती, तर प्लेस्टेशन 4 वर तो इतका अडखळत होता की सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काही महिने काढून टाकला. कोणत्या यंत्रावर आणि किती तास खेळलात, हे आकड्याच्या शेजारीच लिहा.

ग्राफिक्स 9, संगीत 8, कथा 7, म्हणून सरासरी 8, हा हिशेब मला मान्य नाही. सेव्ह केलेला खेळ पुसला जात असेल, तर देखण्या दृश्यांनी त्याची भरपाई होत नाही.

पुण्यात घडलेल्या ‘राजी’सारख्या गेमचा अभिमान मजकुरात मोकळेपणाने लिहावा, पण त्यापोटी गुण वाढवू नयेत.

लिहून होईपर्यंत मेटाक्रिटिक उघडू नये.

पहिल्याच संध्याकाळी आकडा जाहीर करण्याची घाई नवख्यांना फार असते आणि तिचे समर्थन मला कधीच पटलेले नाही. आधी मजकूर पूर्ण करावा, मग आकडा ठरवून तो झाकून ठेवावा आणि ज्याने तो गेम खेळलेला नाही अशा माणसाला वाचायला देऊन आकडा ओळखायला सांगावे. त्याचा अंदाज एकाहून अधिक गुणाने चुकला, तर मी मुलांना मजकूर पुन्हा लिहायला लावते. आकड्याला हात लावू देत नाही. पुढे अपडेट आल्यावर गुण बदलावेसे वाटले, तर जुना आकडा न पुसता त्याखाली नवा आकडा, तारीख आणि गेमचा आवृत्ती क्रमांक नोंदवावा.