पुण्यात बिऱ्हाड हलवल्यावर घरातील स्त्रीच्या नावाने कागदपत्रे कशी करावीत

लातूर-जालन्याकडून पुण्यात आलेल्या कुटुंबात बरेचदा पहिली नियमित मिळकत बाईचीच सुरू होते. नवऱ्याचे चाकणमधले कंत्राटी काम पक्के होईपर्यंत ती कोथरूड-औंधच्या सोसायट्यांमध्ये चार घरची धुणीभांडी धरते. तरीही कागदोपत्री घर त्याचेच राहते. ते बदलायचे असेल, तर सुरुवात मोबाइल क्रमांकापासून करावी.

तिच्या आधारला नवऱ्याचा क्रमांक जोडलेला असला, की ती बँकेच्या खिडकीपाशी उभी राहते आणि ओटीपी मात्र चाकणला, पाळीवर गेलेल्या नवऱ्याच्या फोनवर जातो. म्हणून आधी तिच्या नावाचे सिम घ्यावे आणि तिने स्वतः आधार केंद्रावर जाऊन तो क्रमांक नोंदवावा.  त्यासाठी वेगळे कागदपत्र लागत नाही. भांडी घासून बोटांचे ठसे झिजले असतील, तर बुबुळांवरून पडताळणी करण्याची विनंती करावी. त्यानंतर जनधन खाते उघडावे. ते एकटीच्या नावाचे असावे, संयुक्त नको, आणि पगार त्यातच जमा करण्यास कामाच्या घरी सांगावे.

रेशनकार्डाबाबत घाई नको. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार 18 वर्षांवरील सर्वांत ज्येष्ठ स्त्री कुटुंबप्रमुख असते, आणि ती बहुधा गावी राहिलेली सासूबाई असते. कार्ड फोडण्यावरून वाद घालण्यापेक्षा ‘एक देश एक रेशनकार्ड’ योजनेचा लाभ घ्यावा. त्याच कार्डावर काही धान्य गावी आणि उरलेले पुण्यातील दुकानात अंगठा देऊन उचलता येते.

भाडेकरारात भाडेकरू म्हणून दोघांचीही नावे घालावीत. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. पुढेमागे नवरा गावी परतला किंवा वेगळा राहू लागला, तर त्या घरावर तिचे काही चालते की नाही, हे या एका ओळीवर ठरते. माझ्या मते ही ओळ बँक खात्याइतकीच मोलाची आहे.

मुलांच्या शाळेसाठी गावचा शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला, तरी शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी व अनुदानित शाळांना तेवढ्या कारणावरून प्रवेश अडवता येत नाही. 1 मे 2014 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे राज्याच्या नियमानुसार आधी आईचे नाव येते. प्रवेश अर्ज भरताना ते तपासून घ्यावे. घरकामगार मंडळाची नोंदणी कामगार खात्याकडे होते, तिचे नूतनीकरण मुदतीत करावे.