पोरांना घेऊन ट्रेकला जायचंय? आधी परतीचा हिशोब करा

मोठा माणूस हळूहळू दमतो, त्याला स्वतःलाच कळतं की आता पाय बोलायला लागलेत, जरा टेकू या. तीन-चार वर्षांच्या पोराचं तसं नसतं. ते पुढे पळत असतं, दगडावरून उड्या मारत असतं, गाणी म्हणत असतं आणि पुढच्या पाच मिनिटांत वाटेतच बसकण मारतं, मग काहीही करा उठत नाही. हे हट्ट नाहीत हो, खरंच अंगातलं सगळं संपलेलं असतं. म्हणून माझं म्हणणं एकच आहे, लहान मुलांसोबतचा ट्रेक परतीपासून प्लॅन करा. पोर मजेत असतानाच मागे फिरायचं, ते दमल्यावर नाही.

वेळेचा अंदाज कसा काढायचा? डोंगरात चालणाऱ्यांचा एक जुना नियम आहे, 1892 साली विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने सांगितलेला: साधारण 5 किलोमीटरला एक तास आणि दर 600 मीटर चढाईला वरून आणखी एक तास. म्हणजे 4 किलोमीटरची वाट आणि 200 मीटर चढ असेल तर धडधाकट माणसाला सव्वा तास पुरतो. स्वतःच्या पायांनी चालणारं चार वर्षांचं पोर सोबत असेल तर मी हा आकडा सरळ तीनने गुणते, म्हणजे जवळपास पावणेचार तास, आणि अंधार पडायच्या किमान दोन तास आधी आपण गाडीपाशी हवं असं धरून निघायची वेळ ठरवते. जास्त वाटतंय ना? एकदा जाऊन बघा, पुरतो तेवढाच.

वाट निवडताना किलोमीटरपेक्षा वाटेवर काय आहे ते आधी बघा. मोठ्यांना सपाट रुंद रस्ता सोपा वाटतो, पण पोरांना त्याचा दहा मिनिटांत कंटाळा येतो. त्याच पोरांना ओढा, मोठे दगड, पडलेलं झाड, अरुंद वळणाची पायवाट दिली की दुप्पट चालतात, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता मी नकाशावर पाणी शोधूनच वाट ठरवते. आणि शक्यतो गेलो त्याच वाटेने परत येता येईल अशी जागा घ्या. गोल फिरून येणारी वाट छान असते पण अर्ध्यात पोर थकलं तर पुढे काय आणि मागे काय अंतर तेवढंच, मग अडकायला होतं. पहिल्यांदा जाताय तर चढ आधी आणि उतार परतीला. दरीत उतरून परत वर चढायचं असं काही पहिल्याच वेळेला नको.

बाळ अगदी लहान असेल तर पाठीवरच्या फ्रेमवाल्या कॅरिअरमध्ये तेव्हाच बसवा जेव्हा ते आधाराशिवाय नीट बसायला लागलेलं असतं, साधारण सहा महिन्यांनंतर, त्याआधी छातीशी बांधायचं. यात एक गोष्ट लक्षातच येत नाही ती सांगते. आपण चढत असतो, घामाघूम झालेले असतो आणि पाठीवरचं बाळ मात्र अजिबात हलत नसतं. मुलगी दहा महिन्यांची असताना ती पाठीवर शांत झोपली म्हणून मी खुशीत तासभर चालत राहिले, थांबून पाय हातात घेतले तर बर्फ. पँट वर सरकलेली, सॉक्स आणि पँटच्या मध्ये दोन बोटं उघडी त्वचा, आणि लोंबकळणाऱ्या मांड्यांवर पट्टा दाबलेला. तेव्हापासून दर वीस मिनिटांनी थांबून बोटं आणि मानेची मागची बाजू हाताने चाचपते, पाय जरा हलवते, आणि बाळाला माझ्यापेक्षा एक थर कपडा जास्त घालते. लहान शरीराला वजनाच्या मानाने त्वचा जास्त असते म्हणून ते गार लवकर पडतं. उंचीवर तर दर 1000 मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते, आणि ऊन उलट जास्त लागतं, त्यामुळे टोपी विसरू नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीन लावण्यापेक्षा सावली आणि अंगभर कपडे बरे.

बुटांबद्दल थोडक्यात: नवे कोरे बूट ट्रेकच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका, चावतात. घरात आणि खाली खेळताना आठवडाभर वापरलेले घ्या, आणि सॉक्सचा जास्तीचा जोड, दोन घेतले तर उत्तम, कारण ओढा दिसला की पाय ओले होणारच.

आता चालणं. सगळ्यात हळू चालणारं पोर पुढे ठेवा, बाकीचे मागे. मागे राहिलेलं पोर सतत धावत गाठत असतं आणि पोचलं की बाकीचे निघतात, त्याला विश्रांती मिळतच नाही, आपल्याला वाटतं सगळे ब्रेक घेतायत. खाऊ मागायची वाट बघू नका, दर अर्ध्या तासाला दोन घास आणि दोन घोट पाणी, आणि खाऊ घरी रोज आवडीने खातात तोच. खाताना मात्र खाली बसवा, चालता चालता नको, घशात अडकतं. पाठीवर त्यांची स्वतःची छोटी पिशवी जरूर द्या, पण वजन अंगाच्या दहा टक्क्यांच्या आतच, म्हणजे 15 किलोच्या पोराला दीड किलोपेक्षा जास्त नाही.

आणि थांबू द्या. आमची एकदा मुंग्यांच्या रांगेपाशी बसली, त्या एका मेलेल्या फुलपाखराचा पंख ओढत नेत होत्या, पंख गवताच्या काडीला अडकायचा, त्या मागे घ्यायच्या, परत फिरवून ओढायच्या. पंचवीस मिनिटं. आम्हाला जिथे पोचायचं होतं तिथे त्या दिवशी पोचलोच नाही, पण दोन वर्षांनी ती अजून त्या पंखाबद्दल सांगते.

हरवण्याबद्दल घरीच बोलून ठेवा, घाबरवायचं नाही, खेळासारखं. 1981 मध्ये अमेरिकेत सॅन दिएगो भागातल्या डोंगरात नऊ वर्षांचा एक मुलगा हरवला आणि जिवंत सापडला नाही, त्यानंतर तिथे मुलांना शिकवायला सुरुवात झाली की हरवलास तर जवळच्या झाडाला मिठी मार आणि तिथेच थांब. कारण पोर चालत राहिलं की शोधायचं क्षेत्र वाढत जातं. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी, तीन वेळा वाजवली म्हणजे मदत हवी. निघताना सगळ्यांचा फोटो काढा, त्यात कपड्यांचे रंग आणि बूट दिसू देत. कपडे भडक रंगाचे, हिरवे आणि मातकट नकोत.

विजेचं मात्र अजिबात हलक्यात घेऊ नका. वीज चमकल्यावर 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती जवळ आहे, लगेच उंचावरून आणि मोकळ्यातून खाली या, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत पक्क्या इमारतीत नाहीतर बंद गाडीत थांबा, एकट्या झाडाखाली नाही.

मागे कधी फिरायचं हे दोघांनी घरूनच ठरवा, घड्याळातली वेळ पक्की करून. वर गेल्यावर "अजून थोडंसंच राहिलंय" असं दोघांपैकी एकाला वाटतंच वाटतं, आणि तिथे पोरासमोर वाद घालण्यापेक्षा दोघांपैकी कुणीही एकाने परत म्हटलं की परत, हा नियम आमच्याकडे आहे.

घरी आल्यावर आंघोळीच्या वेळी गोचीड आहे का बघा: कानामागे, केसांत, काखेत, गुडघ्याच्या मागे, बेंबीपाशी. सापडली तर चिमट्याने त्वचेला अगदी लागून धरायची आणि सरळ वर ओढायची, पिळायची नाही, तेल नाही, काडी पेटवून चटका तर मुळीच नाही. तारीख लिहून ठेवा, पुढच्या काही आठवड्यांत ताप किंवा पुरळ आलं तर डॉक्टरांना सांगायला लागते.