तिकीट बघून विमानप्रवासाचे खरे तास कसे काढावेत

पोरगं परदेशी निघालं की सांगलीतल्या घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती लांब आहे आणि किती तास लागतात?

अंतरासाठी सपाट नकाशावर बोट फिरवू नका. पृथ्वीगोलावर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून धरा. तो अरबी समुद्रावरून न जाता उत्तर युरोपावरून जातो. हे अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. मुंबई-लंडन ७,२००, मुंबई-दुबई १,९००च्या आसपास. विमान ताशी साडेआठशे-नऊशे किलोमीटरने जातं. त्याने भागा आणि चढण्या-उतरण्याचा पाऊण तास मिळवा. अंदाजापुरतं एवढं बास.

खरी गोची तिकीट हातात आल्यावर होते. निघायची वेळ निघायच्या गावच्या घड्याळाची असते आणि पोचायची वेळ पोचायच्या गावच्या. समजा, जानेवारीत मुंबईहून पहाटे २ ला सुटलेलं विमान न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी ८ ला पोचतं. आजोबांना वाटतं, सहा तासांत अमेरिका! मग कुणीतरी जाणकार सांगतो, न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे, म्हणून जाताना तेवढे मिळवा, येताना वजा करा. हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. घाईत चिन्ह उलटं पडतं आणि सगळा हिशोब साडेदहाच्या दुप्पट, म्हणजे एकवीस तासांनी चुकतो.

त्यापेक्षा कागद घ्या आणि दोन्ही वेळा आधी भारतीय वेळेत लिहा, तारखेसकट. न्यूयॉर्कचे सकाळचे ८ म्हणजे आपल्याकडचे त्याच दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा. पहाटे २ ते संध्याकाळी साडेसहा, साडेसोळा तास. परतीला तेच: तिथून सकाळी साडेअकराला निघालं म्हणजे आपल्याकडे रात्रीचे १०, मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला उतरलं, म्हणजे साडेचौदा तास. येताना वेळ कमी लागतो, कारण उंचावरचे जोरदार पश्चिमी वारे तेव्हा विमानाच्या पाठीशी असतात.

आणि साडेदहाचा आकडा बाराही महिन्यांसाठी पाठ करू नका. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. त्या काळात न्यूयॉर्कशी आपला फरक साडेनऊ तासांचा. लंडनचा उन्हाळ्यात साडेचार, हिवाळ्यात साडेपाच. तिथे बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. दुबई बारा महिने दीड तास मागे. प्रवासाच्या तारखेचा फरक बघितल्याशिवाय पेन उचलू नका.

मध्ये विमान बदलायचं असेल तर थांब्याचे तास वेगळे लिहा.

आता तारीख, इथे तर भलेभले फसतात. 'शनिवार, ००:४५' म्हणजे शुक्रवारची रात्र. शनिवारी संध्याकाळी बॅगा भरायला बसलात तर विमान कधीच गेलेलं असेल. आंतरराष्ट्रीय प्रवासाला तीन तास आधी पोचायचं, म्हणजे शुक्रवारी रात्री पावणेदहाला विमानतळावर. सांगलीहून गाडीने सात-आठ तास धरा. पेठ नाक्यापर्यंतचा रस्ता, खंबाटकी घाट आणि पुण्याची गर्दी यांसाठी आणखी दोन तास हाताशी ठेवा. शुक्रवारी सकाळी अकराच्या आत गाडी घरासमोरून हललीच पाहिजे.