नाताळच्या तयारीत आधी वाचन, मग खरेदी

नाताळची तयारी सजावटीपासून सुरू झाली की उपासनेच्या वाट्याला बहुतेकदा थकवाच येतो. म्हणून 25 डिसेंबरपूर्वीच्या चार रविवारांचा जो आगमनकाळ अनेक ख्रिस्ती मंडळ्या पाळतात, त्याच्या प्रारंभापासूनच घरात वाचन आणि प्रार्थनेची वेळ ठरवून ठेवावी. बायबलमधील लूककृत शुभवर्तमानाचे, म्हणजे लूकने लिहिलेल्या येशूच्या चरित्राचे, 24 अध्याय आहेत, त्यामुळे 1 डिसेंबरपासून रोज एक अध्याय वाचल्यास नाताळच्या पूर्वसंध्येपर्यंत येशूच्या जन्मापासून पुनरुत्थानापर्यंतचा वृत्तांत पूर्ण होतो आणि गव्हाणीतील बाळाचे पुढे काय झाले, हे मुलांनाही कळते. एवढे जमत नसेल तर निदान दुसऱ्या अध्यायातील पहिली 20 वचने भेटवस्तू उघडण्याआधी मोठ्याने वाचावीत (एकदा भेटवस्तू उघडल्या की लहान-मोठे कोणीच ऐकण्याच्या मनःस्थितीत राहत नाही). खर्चाच्या यादीत गरजूंसाठीची रक्कम सर्वप्रथम लिहावी. गव्हाणीचा देखावा मुलांकडून मांडून घेताना मागी लोकांच्या, म्हणजे पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी पुरुषांच्या, मूर्ती मात्र त्यांच्या भेटीची आठवण करणाऱ्या 6 जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत थोड्या दूर ठेवाव्यात, कारण मत्तयाच्या शुभवर्तमानानुसार ते बाळाला भेटतात ते एका घरात, आणि गव्हाणीपाशी येणाऱ्या मेंढपाळांचा उल्लेख लूकच करतो.